डावा आरसा

बालीगंज, कोलकाता
८ ऑक्टोबर २०२५

प्रिय प्राजू,

ऋता सुखरूप आहे. तिचं जहाज रविवारी हल्दियाच्या गोदीतून कोळसा भरून सुटलं आणि ती त्यावर कॅडेट म्हणून रुजू झाली आहे. ही बातमी प्रभाकरकाकांनी पक्की केली. बाबांबरोबर कस्टममध्ये होते तेच. हल्ली ते खिदिरपूरला मुलाच्या क्लिअरिंगच्या कचेरीत बसतात, आणि जहाजाच्या एजंटाला त्यांनी स्वतः विचारलं. हे जहाज चेन्नईकडे जातं, माल उतरवतं आणि परत येतं. म्हणजे पोरगी आपल्याच किनाऱ्याला धरून आहे.

हे आधी लिहिलं, कारण पुढचं तू वाचशीलच असं नाही. माझा नंबर तू ब्लॉक केलास, उदयचाही केलास. म्हणून कागद.

दिघ्याला तू मला म्हणालीस, "ताई, सुमितला समुद्राने नेलं. ऋताला तुम्ही दोघांनी नेलंत." तेव्हा मी काही बोलले नाही. हॉटेलच्या आवारात लोक जमले होते आणि बाबा पांढरेफटक पडले होते. आता बोलते. मला काहीही माहीत नव्हतं. जहाजाच्या इंजिनांचा कोर्स केला तरी नोकरी किनाऱ्यावरच्या ऑफिसातच करायची, ही तुझी अट होती. ती मला पटत नव्हती आणि तसं मी तुला तोंडावर सांगितलं होतं. पण न पटणं वेगळं आणि पोरीला पळवणं वेगळं. जहाजाचं बोलावणं आल्यावर तू तिचं मन वळवायला म्हणून नाशिकहून पूजेच्या सुट्टीत आमच्याकडे घेऊन आलीस. आल्यापासून तिला खालच्या मिठाईवाल्याकडेसुद्धा एकटी पाठवली नाहीस. मी तिच्याशी एकटीशी बोलणार कधी?

दसऱ्याचा दिवस, आपण सगळे दिघ्याच्या समुद्रावर निघालो तो, क्रमाने लिहिते. तूच ताडून बघ.

उदयच्या मागच्या खोलीवर तुझा पहिल्यापासून राग. बाकीची माणसं त्या प्रकाराला कॅरव्हान म्हणतात, पण गाडीमागे हूक लावून ओढायची ती आमची मागची खोली. राग येण्यासारखीच आहे ती. शांतिनिकेतनला लोक तिला डोळे तपासायची गाडी समजून रांगेत उभे राहिले, आणि एक आजीबाई औषधाचे थेंब घेतल्याशिवाय पायरीवरून उठेनात. शेवटी उदयने त्यांना आत बसवून गुलाबपाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. झाडग्रामच्या वाटेवर टोलनाक्यावरचा माणूस हिला कुठल्या वर्गात घालायचं ते ठरवेना, आणि मागे ट्रकवाले भोंगे वाजवत बसले. पुरीला तर दोन तरुण खिडकी ठोकून एगरोल मागून गेले. इतकं होऊन उदयला तिचं कौतुक आहे. आणि आमच्या सुट्ट्या तिच्यामागे, खरं म्हणजे तिच्यापुढे, गेल्या आहेत.

आमच्या गल्लीत पूजेचा मंडप घातला की खोली बाहेर निघत नाही. म्हणून महालयापासून ती प्रभाकरकाकांच्या खिदिरपूरच्या आवारात होती. दसऱ्याला सकाळी बाबा आधी तिथे गेले, गाडीची पूजा करायला. आपण मागून पोचलो तर पांढरी खोली वरपासून खालपर्यंत निशिगंधाच्या माळांनी झाकलेली. झेंडू संपला होता म्हणाले. उदय म्हणाला, झकास दिसतंय.

मागे कोणी बसायचं नाही हा उदयचा नियम. पण बाबांना पाठ टेकायची होती, आणि त्यांना एकटं कसं सोडायचं म्हणून ऋता त्यांच्याबरोबर बसली. हे तुझ्यासमोर ठरलं, तू हो म्हणालीस.

दुसऱ्या हुगळी पुलावर पोलिसाने आपल्याला सलाम केला. कोना रस्त्यावर टॅक्सीवाले कपाळाला हात लावू लागले. सायकलवरचा एक माणूस उतरून उभा राहिला. आपण तिघं पुढे बसून हसत होतो, की बंगाल्यांना दसऱ्याचा एवढा आदर आहे हे माहीत नव्हतं. कोलाघाटला चहावाल्याने उदयला बाजूला घेतलं, तेव्हा कळलं. इथे पांढऱ्या गाडीला अशा माळा घालतात त्या एकाच प्रवासाला. तू तोवर मागे ऋताला चहा देऊन आली होतीस.

उदय इतका ओशाळला की माळा काढायला आडोसा शोधू लागला. नंदकुमारच्या तिठ्याच्या जरा अलीकडे, हल्दियाचा आणि दिघ्याचा रस्ता फुटतो तिथे, त्याने गाडी एका गल्लीत घातली. गल्ली तळ्यापाशी संपली. वळवायला जागा नाही. मग ते उलटं नेणं सुरू झालं. खोली डावीकडे न्यायची तर चाक उजवीकडे, आणि उदय घामाघूम. मी मोठ्या रस्त्यावर जाऊन ट्रक थांबवत होते. तू उदयच्या शेजारी बसून डावीकडचं गटार सांभाळत होतीस. गावातली माणसं हात जोडून उभी. एकाने खिडकीशी येऊन विचारलं, आत कोण आहेत. उदयने त्याच्या बांगलात सांगितलं, सासरे आहेत, झोपले आहेत. त्या माणसाने उदयचा खांदा दाबला आणि बराच वेळ हात काढला नाही.

बाहेर आल्यावर मोठ्या रस्त्याच्या कडेला आपण माळा काढल्या. तुझे डोळे लाल होते. तुझे सुमितराव गेले तेव्हा हात जोडायलाही काही परत आलं नव्हतं. मला वाटलं तेच वर आलं. मी तुझा हात धरला आणि तू तो सोडवून घेतला नाहीस. मग मी खोलीचं दार वाजवायला निघाले, तर तू म्हणालीस, "राहू दे ताई, झोपली असेल." मी परत फिरले.

दिघ्याला दार उघडलं तर बाबा एकटे. त्यांना डुलकी लागली होती, पोर कुठे उतरली ते कळलं नाही, असं म्हणाले. संध्याकाळी तिचा मेसेज आला, की जहाजावर जातेय, शोधू नका. त्यानंतर तू मला बोललीस ते बोललीस.

यात मी कुठे आहे, ते दाखव.

तुझी,
शकुताई


बालीगंज
१५ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्राजू,

जहाज एक फेरा करून पुन्हा दक्षिणेला गेलं. प्रभाकरकाका म्हणाले, पोरगी इंजिनरूममध्ये रुळली आहे, जेवण तेवढं आवडत नाही. तुला हे तिच्याकडून कळत असेल किंवा नसेल. मला कोणीच काही सांगत नाही, म्हणून मी सगळ्यांना सगळं सांगते.

पत्राचं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण तू मला चोर म्हणालीस ते शब्द घरात राहिले आहेत, आणि त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. मी चोर नाही हे मला माहीत आहे. म्हणजे कोणीतरी दुसरं आहे. आणि घरात आम्ही तिघंच.

हे पत्र उदयला न सांगता लिहितेय.

एक म्हणजे कडी. मागच्या खोलीचं दार पूर्वी बाहेरूनच उघडायचं. पूजेच्या आधी उदयने आतून उघडणारी कडी बसवून घेतली, ती मी दिघ्याला पहिल्यांदा पाहिली. दुसरं, ती गल्ली. ज्या रस्त्यावरून पायी चालून आलो नाही तिथे खोली न्यायची नाही, असं हाच माणूस भेटेल त्याला ऐकवत असतो. मग त्या दिवशी काय झालं? तिसरं, ऋता आणि तो फोनवर तासन्‌तास इंजिनांबद्दल बोलायचे. मी त्याला मामाभाचीसारखं प्रेम समजत होते.

त्यात त्याने शनिवारी खिदिरपूरला जाणं सुरू केलं. कशाला, तर खोलीच्या चाकांत हवा बघायला. प्राजू, चाकांत हवा बघायला कोणी इस्त्रीचा शर्ट घालून जात नाही.

गेल्या शनिवारी मी टॅक्सी करून मागे गेले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याचा पाठलाग करताना फार ओशाळवाणं वाटतं, आणि टॅक्सीवाल्याला तर फारच रस आला. तो मला म्हणाला, "दिदी, पुढे घेऊ की मागेच राहू?" मी म्हटलं, मागेच.

आवारात उदय एका जोडप्याला खोली दाखवत होता. ओटा, झोपायची फळी, पाण्याची टाकी, सगळं उघडून दाखवत होता. ती माणसं गेल्यावर मी समोर उभी राहिले. तो दचकला नाही. नुसता पायरीवर बसला, आणि ती पायरी नेहमीसारखी करकरली.

"विकतोय," तो म्हणाला. "प्राजूने मला ज्या नजरेने पाहिलं ना, ते ह्या दाराशी उभं राहिलं की दिसतं."

मी कडीचं विचारलं. म्हणाला, बाबांनी सांगितली होती बसवायला, आत अडकलो तर गुदमरेन म्हणाले. मी गल्लीचं विचारलं. तो म्हणाला, त्या दिवशी चालत्या गाडीत बाबांचा मागून फोन आला होता. उदयराव, पुढे डावीकडे एक गल्ली लागेल, तिथे माळा काढून घेऊ, शोभा होतेय. म्हणून त्याने वळवली.

मला आठवलं, फोन आला होता खरा. तू आणि मी माळांवरूनच बोलत होतो तेव्हा.

बाबांना ती गल्ली ठाऊक असायचं कारण आहे. नोकरीत ते काही वर्षं हल्दियाला जाऊन येऊन होते. तो रस्ता त्यांच्या पायाखालचा आहे. एवढंच असेल. पण पायाखालचा असेल तर गल्ली तळ्यापाशी संपते हेही ठाऊक असणार, नाही का?

खोली त्या जोडप्याला पसंत पडली नाही. उदयला सुटल्यासारखं वाटलेलं मी पाहिलं.

तुझी,
ताई


बालीगंज
६ जानेवारी २०२६

प्रिय प्राजू,

ऋताला बाबांनी उतरवलं. हे खुद्द बाबांनी शुक्रवारी माझ्यासमोर कबूल केलं. आता त्यात संशयाला जागा नाही.

कसं कळलं ते लिहिते. आमच्या खालच्या मजल्यावरचे सेनबाबू गेल्या आठवड्यात गेले. त्यांची मुलं बाहेरगावी, म्हणून सगळी धावपळ इमारतीतल्या माणसांनी केली. गाडी आली ती पांढरी. बाबा काठी टेकत खाली उतरले आणि फुलवाल्याला बांगलात सांगू लागले, किती पदरी माळा हव्यात, छतावरून कशा सोडायच्या, पुढच्या काचेला कुठली नाही लावायची. फुलवाला त्यांना ओळखत होता. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते.

मी इथे येऊन नऊ वर्षं झाली, आणि देवाच्या दयेने कोणाला पोचवायची वेळ आली नव्हती. मला माहीत नसणं समजू शकतं. बाबा इथे तीस वर्षं आहेत. ह्या शहरात त्यांनी किती मित्रांना खांदा दिला असेल. आणि हा माणूस झेंडू मिळाला नाही म्हणून दसऱ्याला पांढऱ्या गाडीवर चुकून निशिगंध घालतो?

दुसऱ्या दिवशी उदय कामावर गेल्यावर मी त्यांच्यासमोर बसले. ते पेपर वाचत होते. मी एवढंच म्हटलं, "बाबा, माळा."

त्यांनी पेपर खाली ठेवला नाही. पेपराआडून म्हणाले, "मागच्या खोलीत माणसं बसवायची नसतात. एखाद्या पोलिसाने दार उघडलं असतं तर आम्हा दोघांना पुढच्या गाडीत बसवलं असतं. मग पोर कशी उतरली असती? तीस वर्षं लोकांच्या पेट्या उघडल्या, शकू. कोणत्या पेटीला कोणी हात लावत नाही, ते मला ठाऊक आहे."

प्राजू, मला आधी हसू आलं आणि मग त्यांचा इतका राग आला की मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिथून परत आले. ते तसेच बसलेले.

त्यांनी सगळं सांगितलं. ऋताने पूजेच्या आधीच फोनवर त्यांना विचारलं होतं, आजोबा, मी काय करू. जहाज हल्दियाला लागणार होतं. प्रभाकरकाका तिथे गोदीच्या फाटकापाशी तिची वाट बघत थांबणार होते. ह्या काकांनी मला पहिली बातमी किती गंभीरपणे दिली होती ते आठवून मी त्यांच्याशी अजून बोललेले नाही. गल्लीच्या डाव्या अंगाला गटार, गटारावर बांबूचा साकव, पलीकडच्या घरांमधून टोटो, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षा, उभ्या असतात तिथवर पायवाट. हे त्यांना आधीपासून माहीत. आपण अडकलो ते अपघाताने नव्हे. उदयला उलटं नेताना वेळ लागतो हे गृहीत धरलं होतं. माझ्या नवऱ्याच्या ह्या अडचणीचा आजवर कोणी उपयोग करून घेतला नव्हता.

साकवापलीकडच्या बायकांनी तिला आमच्याच खोलीतून उतरताना पाहिलं. त्यांना वाटलं, घरातली मुलगी, दुःखाने बाहेर पडली. त्यांनी तिचे हात धरून तिला टोटोत बसवून दिलं.

मी बाबांना विचारलं, प्राजूला का नाही सांगितलंत? तिला फसवायचं होतं तर ती बसली होती त्याच गाडीमागून?

आता त्यांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, "ती थांब म्हणाली असती, तर पोर थांबली असती. आणि मग दोघी जन्मभर एकमेकींकडे बघत बसल्या असत्या. सुमित गेल्यावर मी प्राजूला काही देऊ शकलो नाही, शकू. तिचा राग घ्यायला तरी मी होतो." मी म्हटलं, राग तुम्ही कुठे घेतलात, तो तर मी घेतला. त्यावर ते म्हणाले, "हो. दिघ्याला मी घाबरलो."

त्यांच्यावर ओरडायचं ठरवून बसले होते ते राहून गेलं.

उठताना त्यांनी आणखी एक सांगितलं. ऋता उतरली, पिशवी खांद्याला लावली, आणि लगेच गेली नाही. गाडीच्या पुढच्या बाजूला तोंड करून तशीच उभी राहिली. बाबा आतून म्हणाले, जा. ती हलेना. मग एकदम हसली आणि साकवावरून गेली. मी विचारलं, कोणाकडे बघून हसली? तर म्हणाले, "मला आतून काय दिसणार?"

ते तुला स्वतः लिहिणार आहेत. रोज कागद घेतात आणि रोज चष्मा सापडत नाही.

ताई


बालीगंज
२० जानेवारी २०२६

प्रिय प्राजू,

तुझा तिळगूळ पोचला. कुरियरवाल्याने सही घेतली, म्हणून पोचल्याचं तुलाही कळलं असेल. आत चिठ्ठी नव्हती. तीन पुड्या आणि एक वेगळी, डब्यात, वरून दोनदा गुंडाळलेली, समुद्राच्या हवेतसुद्धा दमट होणार नाही अशी. तिच्यावर नाव नव्हतं. बाबांनी ती हातात घेऊन फिरवून पाहिली, जुन्या सवयीने, आणि माझ्या हातात दिली. ती प्रभाकरकाकांकडून पुढे गेली आहे. म्हणजे मी त्यांच्याशी पुन्हा बोलू लागले.

पण मी आज लिहितेय ते दुसऱ्या गोष्टीसाठी. ती हसली, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. गटाराकडच्या बाजूला उभी राहून, गाडीकडे तोंड करून, एखादी मुलगी कोणाकडे बघून हसेल? उदयकडे नाही. तो तर उजव्या खिडकीतून त्या खांदा दाबणाऱ्या माणसाशी बोलत होता. गाडी तेवढ्यापुरती उभी होती. मी मोठ्या रस्त्यावर.

रविवारी मी उदयला म्हटलं, खोली जोड आणि मला पुढे बसव. त्याला वाटलं, गिऱ्हाईक आलं. मी म्हटलं, गिऱ्हाईक नाही, मला बघायचंय. आवारात त्याने हूक लावला, बाजूचे ते लांब दांड्याचे आरसे लावले, ज्यांना तू हत्तीचे कान म्हणायचीस. मी डाव्या सीटवर बसले. काही दिसलं नाही, नुसती भिंत. मी विचारलं, त्या दिवशी आरसा असाच होता का?

उदय म्हणाला, "नाही. उलटं नेताना माझी मान उजव्या खिडकीबाहेर होती. डावा आरसा मी प्राजूकडे वळवून दिला होता, गटार बघायला." आणि त्याने हात घालून तो माझ्याकडे वळवला.

प्राजू, त्यात सगळं दिसतं. दार दिसतं. कडी दिसते. पायरी दिसते. पायरीवर कोणी उभं राहिलं तर त्याचा चेहरा दिसतो.

मी बराच वेळ तिथे बसले होते. उदय इंजिन बंद करून बाजूला उभा राहिला. माझ्या आधी त्याच्या लक्षात आलं असावं.

तू आरडाओरडा केला असतास तर मी ट्रक सोडून धावत आले असते. तू ओरडली नाहीस. मग मी दार वाजवायला गेले तर तू मला थांबवलंस. राहू दे ताई, झोपली असेल. दिघ्यापर्यंतचा एवढा वेळ तू तिला मिळवून दिलास. बाबांच्या सगळ्या युक्त्या त्यापुढे काहीच नाहीत. आणि तुझा हात मी धरून बसले होते, मला वाटत होतं सुमितसाठी.

हे मी चुकीचं लिहीत असेन तर तसं कळव. संशय घ्यायची मला आता सवय लागली आहे. आधी नवऱ्याचा घेतला, मग बापाचा. पण बरोबर असेल तर मला दिघ्याचं तेवढं सांग. तिला तू जाऊ दिलंस आणि चोर आम्ही झालो, हे का? मला रागाने विचारायचं होतं. पण त्या सीटवर बसून बघितल्यावर राग टिकला नाही. मला वाटतं, तुला कोणाला तरी ओरडायचं होतं, आणि तिला ओरडणं शक्य नव्हतं.

खोली विकायचं उदयने रद्द केलं आहे.

तुझी,
ताई


बालीगंज
१२ मार्च २०२६

प्रिय प्राजू,

काल दुपारी तुझा फोन आला, असं उदयने सांगितलं. मला नाही, त्याला. माझा नंबर अजून ब्लॉकच आहे का ते मी बघितलेलं नाही. बघवत नाही. उदयने तुझे शब्द मला जसेच्या तसे सांगितले आणि मी ते त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतले. तू म्हणालीस, "भाऊजी, त्या खोलीची पायरी नीट करून घ्या. ऋता उतरताना तिचा पाय सटकला होता." आणि फोन ठेवलास.

बाबांना मी सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पोर तिलाच बघून हसली." मग चष्मा शोधायला आत गेले. चष्मा नाकावरच होता.

मी तुला दुसरं काही विचारणार नाही. दिघ्याचं उत्तर मला पोचलं.

आता पुढचं. जहाज पारादीपहून निघून हल्दियाला येतंय. प्रभाकरकाकांनी सांगितलं, आणि ह्या वेळी मी एजंटाला स्वतः फोन करून खात्री केली. गोदीत शिरायला भरती लागते, म्हणून बुधवारी दुपारी, पाडव्याच्या आदल्या दिवशी. माल चढेपर्यंत ते तिथेच असेल, आणि कॅडेटला फाटकाबाहेर येऊ देतात. ऋताला आम्ही येणार एवढंच ठाऊक आहे. तुझं मी तिला कळवलेलं नाही, तो निरोप तुझा आहे.

तुझं तिकीट उदयने काढून तुला पाठवलं आहे. गाडी बुधवारी सकाळी हावड्याला लागते. तू चढलीस तर तो स्टेशनवर असेल. नाही चढलीस तरी असेल, कारण मी त्याला नाही म्हटलं तरी तो जाणार आहे. तिथून आपण तसेच पुढे निघू. मागची खोली जोडलेली असेल. हल्दियाला फाटकाजवळ एका ट्रकवाल्याने उभी करायला जागा दिली आहे, आणि उदयला दुसऱ्या दिवशी तिच्यावर गुढी उभारायची आहे. बाबा म्हणतात, तिथल्या लोकांना काय वाटेल त्याचा आधी विचार करा. ह्यावर त्यांनी बोलावं, हे आम्हाला फार झालं. माळा घालायच्या नाहीत असं त्यांना बजावलं आहे. मागे बसायलाही बंदी. ते माझ्याबरोबर गाडीत बसतील, तोंड पाडून.

डावीकडची सीट तुझी. आरसा उदयने कोणालाही हलवू दिलेला नाही.

पायरी आज सकाळीच नवी बसवली. रुंद आहे, आणि वर खरखरीत पट्टी लावली आहे. मी तिच्यावर चढून-उतरून पाहिलं. करकरत नाही, सटकत नाही.

ताई